उलटी पात

कोसमटोल्याच्या गुणाबाईने जन्मात कुणाला "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, गावच्या पाटलाला तर नाहीच नाही. चुका झाल्याच नव्हत्या अशातला भाग नाही. पण चूक झाली की गुणाबाई आधी दुसऱ्याला झापायची, आणि तो स्वतःला सावरेपर्यंत चूक कोणाची होती हे सगळेच विसरून जायचे. पंचावन्न वर्षं असं निभलं. हेही सोपं नसतं. सदा बरोबर असणाऱ्या माणसाला बूड टेकायला जागा मिळत नाही, हे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला कळू लागलं होतं. पण कळलं तरी सांगतं कोण.

मशीन आली ती सत्तावन्न साली, संक्रांतीच्या सुमाराला. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात घातला होता. मुंबई कुठल्या दिशेला आहे हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे मशीन मुंबईहूनच आली असं सगळ्यांनी धरून टाकलं. आली होती ती नागपूरहून. तळ्यापलीकडच्या जंगलात साज-मोहाची चार झाडं तोडून तिच्यासाठी जागा केली, इंजिन बसवलं, आणि ती दिवसभर धडधडत जमिनीला भोक पाडू लागली. खाली तांबं आहे म्हणे. आहे की नाही ते पाहायला भोक, आणि भोकातून वर यायची दगडाची कांडी. जात्याच्या खुंट्याएवढी जाड, कुठे वीतभर, कुठे हातभर लांब. भोक जितकं खोल, तितक्या कांड्या. त्या धुवायच्या, आणि आल्या त्या क्रमाने लाकडी पेटीत मांडायच्या. पेटीला पाच लांब खण, एकाखाली एक. एका खणात पाच फूट दगड. पेटी भरली की मशीनचा मिस्त्री गुणवंतराव तिच्यावर रंगाने आकडे टाकी, इतक्या फुटापासून इतक्या फुटापर्यंत. बस, एवढंच टाकी. खणाखणाला आकडा टाकायचा असतो असं पुढे कळलं, पण मिस्त्री हात राखून काम करणारा माणूस होता.

धुवायला आठ बाया पाहिजेत म्हणून मिस्त्री गावात आला, तेव्हा लोकांनी त्याला थेट गुणाबाईच्या अंगणात आणून उभं केलं. कारण बाया आठ मिळाल्या असत्या, पण त्यांच्याकडून काम करून घेणारी एकच होती. रोवण्याच्या दिवसांत, धानाचं रोप चिखलात लावायच्या त्या तीन आठवड्यांत, पंचवीस-तीस बायांची टोळी गुणाबाई चालवायची. तिच्या बांधीत, बांध घातलेल्या धानाच्या शेतात, रोप वाकडं दिसत नसे. तिचा आवाज गेला की बाई कंबर सरळ करायचंही विसरे.

मिस्त्रीने पहिल्या दिवशी बायांना मांडवात बसवलं, एक पेटी घेतली, वरच्या खणात डावीकडून उजवीकडे चार-पाच कांड्या ओळीने लावल्या, म्हणाला असं भरत जायचं, आणि तेवढ्यात इंजिन बंद पडलं म्हणून शिव्या देत पळाला. तो परत आला तो संध्याकाळी. तोपर्यंत पेटी भरली होती.

पुढे काय करायचं हे गुणाबाईला विचारायची गरज पडली नव्हती. रोवण्यात बाईला तिची पात ठरलेली असते. चिखलात वाकायचं, डावीकडून उजवीकडे रोप टोचत जायचं, पात संपली की एक पाऊल मागे सरायचं आणि उजवीकडून डावीकडे यायचं. हात कुठे थांबत नाही. रिकाम्या हाताने चालत परत जाऊन पुन्हा डावीकडून सुरू करणारी बाई अजून जन्मली नाही. जन्मली तरी तिला रोवण्याला कोणी बोलावणार नाही. तेव्हा पहिला खण उजवीकडे संपला, तर दुसरा उजवीकडूनच सुरू. दुसरा डावीकडे संपला, तिसरा डावीकडून. किती सरळ गोष्ट.

कांड्या धुवायच्या सात बाया, आणि पेटीत ठेवायची मैना. मैना म्हणजे गुणाबाईची सून. सिंदेवाहीकडची, चौथी पास झालेली, हात हलका. गुणाबाई मागे उभी राहून सांगायची आणि मैना ठेवायची. दुसऱ्या खणापाशीच मैनाचा हात अडला होता.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "पुस्तकात ओळ संपली का दुसरी ओळ पुन्हा डावीकडूनच लागते. हे साहेब लोक पुस्तकासारखंच वाचतीन ना."

सात बाया ऐकत होत्या. कुंता नावाची एक तर हातातली कांडी तशीच धरून पाहायला लागली, आता काय होतं ते.

"पुस्तकं तू वाच," गुणाबाई म्हणाली. "पात मी लावते. तुया जन्माच्या आधीपासून लावून राह्यली."

बाया हसल्या. मैना हसली नाही, रुसलीही नाही. तिने कांडी उचलली आणि उजवीकडे ठेवली. त्यानंतर चार महिने ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. सून गप्प बसते तेव्हा सासूला जिंकल्यासारखं वाटतं. गुणाबाईलाही वाटलं. नंतर ती ते विसरलीसुद्धा.

महिन्याकाठी एकदा नागपूरहून साहेब यायचा. नाव त्याचं काहीतरी लांबलचक होतं. गावाने त्याला दगडसाहेब करून टाकलं. साठीला टेकलेला, वाळलेला माणूस. जंगलाच्या तापाने त्याची हाडं आधीच पोखरली होती. तो पेटीसमोर लाकडी पाटावर बसायचा, कांडीवर पाणी शिंपडायचा, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायचा आणि वहीत लिहायचा. पहिल्याच खेपेला गुणाबाईने त्याला विचारलं होतं, की बाप्पा, दगडात असं काय पाहता. दुसरा साहेब असता तर हाकलून देता. हा सांगत बसला. कदाचित इतक्या वर्षांत त्याला कोणी विचारलंच नसेल.

तो म्हणाला की बाई, तांबं एकदम भेटत नाही. आधी दगड आजारी दिसतो. फार जुन्या काळी खालून उकळतं पाणी वर आलं, तांबं घेऊन आलं, आणि वाटेतला दगड त्याने शिजवला. निरोगी दगड कसा, गुलाबी, त्यात काळे ठिपके. पाण्याच्या वाटेजवळ आलं की आधी काळे ठिपके हिरवे पडतात. आणखी जवळ गेलं की गुलाबी रंग उतरतो, पांढुरका होतो, नख लागतं. मग सगळा दगडच हिरवा, तेलकट, बोटाला रंग सोडणारा. मधेच मुगाच्या डाळीसारखी पिवळट हिरवी रेघ. आणि अगदी मध्ये पांढरी गार, म्हणजे गारगोटी, तिच्यात पितळेसारखं चमकणारं ते तांबं. तिथून पुढे गेलं की सगळं उलट्या क्रमाने परत. हिरवा, पांढुरका, हिरवे ठिपके, आणि पुन्हा निरोगी गुलाबी.

गुणाबाईला हे लगेच समजलं. धान उकडताना दाणा असाच रंग बदलतो. कढईच्या बुडाशी जास्त, कडेला कमी. त्या दिवसापासून ती कांडी पाण्यातून निघाली की लांबूनच सांगायची, ही निरोगी, ही लागली, ही पुरती शिजली. हिरव्या कांडीला तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, घासायचं नाही, नुसतं पाणी ओतायचं, हा नियम तिने बायांना असा लावला की कुंताने एकदा घासली तर दोन दिवस तिला पाण्याच्या हंड्यांवर टाकली. पितळासारखं दिसतं तेही दोन जातीचं असतं, एकावर चाकूचा चरा उठतो आणि एकावर उठत नाही, चरा उठतो तेच तांब्याचं, हेही ती साहेबाकडून शिकली. अंगठा उठवणारी बाई, पण दगडाचा आजार ओळखण्यात मिस्त्रीला मागे टाकलं. साहेब एकदा मिस्त्रीदेखत म्हणाला की गुणाबाई, तुम्ही शिकल्या असत्या तर माझी खुर्ची गेली असती. ते वाक्य तिने गावात किती जणांना सांगितलं त्याची गणती नाही.

पहिल्या दोन भोकांत सगळा दगड निरोगीच निघाला. तिथे पात उलटी काय आणि सुलटी काय, गुलाबीखाली गुलाबी. तिसरं भोक चैतात सुरू झालं, आणि त्यात साडेतीनशे फुटांखाली कांड्या हिरव्या यायला लागल्या. बायांच्या बोटांना हिरवा रंग लागायला लागला. सोळाव्या पेटीत पितळ चमकलं तेव्हा गुणाबाईने मैनाला सांगून त्या कांडीवर पळसाचं पान झाकून ठेवलं, उगाच कोणाची नजर नको. सतराव्या पेटीत पुन्हा. वीस पेट्या झाल्या आणि भोक थांबलं. मग सगळे साहेबाची वाट पाहू लागले. यातून काही निघालं तर मशीन पावसाळ्यापर्यंत राहील, पावसाळ्यानंतर पुन्हा येईल. नाही निघालं तर गाशा गुंडाळून दुसऱ्या जंगलात. बायांना तेंदूपत्त्याचं काम होतंच, पण ते पंधरा दिवसांचं. आणि गुणाबाईला खरं विचाराल तर तिला मशीन राहायला हवी होती ती वेगळ्याच कारणाने. जगात एक ठिकाण होतं जिथे तिच्या गुडघ्यांना काम नव्हतं आणि तिच्या डोळ्यांना होतं.

साहेब आला तो भर वैशाखात, अंगात ताप घेऊनच. दोन दिवस मांडवात बसून वीस पेट्या वाचल्या. मधूनच थरथरायचा, कोयनेलची कडू गोळी पाण्याबरोबर गिळायचा, परत भिंग लावायचा. गुणाबाई त्याच्या बाजूला पाणी शिंपडायला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी त्याने वही मिटली आणि मिस्त्रीला सांगितलं की आठ दिवसांत मशीन खोला.

मिस्त्रीने काही विचारलं नाही. त्याला इथल्या डासांचा कंटाळा आला होता. विचारलं गुणाबाईने.

"काऊन, साहेब? सोळा नंबरात तं पुरा शिजला हाय दगड. मी सोता पाह्यला."

साहेबाने टोपी काढून घाम पुसला. चिडण्याएवढंही बळ त्याच्यात नव्हतं. त्याने सोळाव्या पेटीवर बोट ठेवलं आणि वहीतल्या ओळीवरून फिरवावं तसं डावीकडून उजवीकडे नेलं. पहिल्या खणात निरोगी, निरोगी, मग हिरवे ठिपके, मग पांढुरका, मग हिरवा, मग पितळ. खण संपला. मग त्याचं बोट उचललं आणि दुसऱ्या खणाच्या डाव्या टोकाला टेकलं. तिथे कांडी गुलाबी, ठणठणीत.

"हे बघा. आजार हळूहळू चढला, चढला, आणि एकदम साफ. मग पुन्हा चढतो, आणि पुन्हा एकदम साफ. सतराव्या पेटीत तर उलटं, न चढताच एकदम कळस, मग हळूहळू उतार, आणि पुन्हा एकदम कळस. बाई, मी तीस वर्षं तापाने फणफणतोय. ताप चढतो तसा उतरतोसुद्धा. इथे चढला की उतरत नाही, आणि उतरतो तो चढलेलाच नसतो, मधेच तुटतो." त्याने टोपी परत घातली. "याचा अर्थ खालची जमीनच फुटलेली आहे. थर सरकलेत. तांब्याचा पट्टा होता, पण त्याचे तुकडे होऊन इकडे तिकडे पडलेत. दोन फूट इथे, तीन फूट तिथे. तेवढ्यासाठी कोणी खाण खोदत नाही."

एका खणाच्या शेवटच्या आणि पुढच्या खणाच्या पहिल्या कांडीची टोकंही एकमेकांना लागत नाहीत, तो म्हणाला, पण हिरवा दगड मऊ, मशीनमध्ये टोकं झिजतात, त्यावरून काही ठरत नाही. मग तो उठला आणि राहुटीत जाऊन आडवा झाला.

गुणाबाई पेटीकडे पाहत राहिली. तिला कुठेच काही तुटलेलं दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांना पेटी म्हणजे बांधी. उजव्या कडेला पहिल्या खणातला हिरवा होता, आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या खणातला हिरवा. हिरव्याखाली हिरवा, पितळाखाली पितळ, जसं एकाच वाफ्यातलं रोप. ती म्हणणार होती की साहेबाची नजर गेली. तोंड उघडलंही होतं. आणि तेवढ्यात साहेबाचं ते बोट तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा उचललं गेलं. खणाच्या शेवटी उचललं, आणि डावीकडे जाऊन टेकलं. रिकामं बोट परत गेलं होतं.

साहेब पुस्तकासारखं वाचत होता.

अशा वेळी तिची जी सवय तीच झाली. आजूबाजूला पाहिलं, कोण आहे झापायला. कुंता हंडा घासत होती; तिला म्हटलं की तुझ्या हाताला काय लकवा झाला का. पण कुंताला झापून पेटी सुलटी होत नव्हती. मिस्त्री होता. त्याने एकच खण दाखवला आणि पळाला. खरं पाहता अर्धी चूक त्याची. पण अर्धीच. मग तिची नजर मैनाकडे गेली. मैना मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि पेटीकडे न पाहता सासूकडे पाहत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. बहुतेक काल सकाळीच, साहेबाने पहिल्यांदा बोट उचललं तेव्हा.

दुपारी बाया भाकर खायला तळ्याच्या पाळीवर गेल्या. मांडवात दोघीच उरल्या. गुणाबाईने सोळाव्या पेटीतल्या पहिल्या खणाची उजव्या टोकाची कांडी उचलली. मग तिच्या खालची, दुसऱ्या खणातली. दोन्हींची टोकं जवळ आणली, थोडी फिरवली, आणि ती बसली. झिजलेली होती तरी बसली, फुटलेल्या बांगडीचे दोन तुकडे बसावेत तशी. पांढऱ्या गारेची रेघ एकीतून दुसरीत सरळ गेली, आणि तिच्यातलं पितळही.

"कवाचं मालूम हाय तुले?" तिने विचारलं.

"कालपासून."

"सांगनार होती का साहेबाले?"

मैनाने पदराने तोंड पुसलं. "मी काऊन सांगू. पात तुमची हाय, आत्याबाई."

एवढंच. त्यात टोमणा होता की नव्हता, हे गुणाबाईला ठरवता येईना. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं. ती कांड्या मांडीवर घेऊन बसून राहिली. ऊन असं की पळसाची पानं चुरचुर वाजत होती. इंजिन बंद होतं, त्यामुळे जंगल फार मोठं वाटत होतं.

काही न बोलता चाललं असतं. आठ दिवसांत मशीन खोलली असती, पेट्या गाडीत घालून नागपूरला गेल्या असत्या, कुठल्या तरी गोदामात त्यांच्यावर धूळ बसली असती. खाली तांबं असेल ते तिथेच राहिलं असतं, ते काही ओरडणार नव्हतं. गावात सगळे म्हणाले असते की साहेबाला ताप होता. गुणाबाईचा शब्द जसाचा तसा उभा राहिला असता. फक्त घरात, चुलीपाशी, रोज एक बाई तिला जेवायला वाढणार होती आणि काही बोलणार नव्हती. चार महिने बोलली नव्हती; ही पोरगी चाळीस वर्षंही बोलणार नाही. गुणाबाई फार थकली होती. इतकी थकली होती की तिला वाटलं, खोटं सांभाळायला लागतं तेवढं बळ आता आपल्यात नाही.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा. त्या दोन कांड्या पदरात घेतल्या आणि राहुटीकडे गेली.

साहेब खाटेवर पडला होता, मिस्त्री बाहेर सामानाची मोजदाद करत होता. गुणाबाईने कांड्या खाटेच्या कडेवर ठेवल्या आणि जोडून दाखवल्या. साहेबाने पाहिलं. मग भिंग न लावताच उठून बसला.

"ह्या कुठल्या?"

"पह्यल्या खनाचं शेवट अन् दुसऱ्याचं सुरू," ती म्हणाली. "साहेब, ताप उतरला हाय. तुमी उतरत्या बाजूने चढून राह्यले."

साहेबाला उमगलं नाही. तिने त्याला मग पात समजावली. डावीकडून जायचं, उजवीकडून यायचं, हात रिकामा न्यायचा नाही. सांगताना तिला पहिल्यांदाच वाटलं की हे किती मोठ्याने सांगावं लागतं आहे. मिस्त्री दाराशी येऊन ऐकत होता. बाया तळ्याकडून परतल्या होत्या आणि राहुटीबाहेर थबकल्या होत्या. त्यांच्या मागे मैना.

साहेबाने मिस्त्रीला विचारलं की पेट्या मांडतं कोण. आवाज चढला नव्हता, पण सरकारी झाला होता. मिस्त्रीने क्षणाचाही वेळ न घेता मैनाकडे बोट केलं. ही पोरगी मांडते, साहेब, हिच्याच हाताने सगळ्या पेट्या झाल्या. खोटं नव्हतं ते.

"हात तिचा," गुणाबाई म्हणाली. "डोकं माजं. तिनं पह्यल्याच दिवशी मले सांगतलं होतं, साहेब लोक पुस्तकासारखं वाचते म्हनून. मी साऱ्या बायांपुढं तिचं तोंड बंद केलं." मग जणू तोंडातला खडा काढावा तसं ती म्हणाली, "माजं चुकलं."

कुंताने हातातला हंडा खाली ठेवला. आभाळ काही कोसळलं नाही. गुणाबाईला त्याचंच नवल वाटलं, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं ज्याला अडवून धरलं होतं ते एवढंसंच होतं.

साहेबाने तिला काढून टाकलं नाही. झापलंही नाही. त्याने आपली वही पुढे ओढली. दोन दिवस लिहिलेली पानं होती ती. मग म्हणाला की टोकं लागत नाहीत हे दिसत होतं मला, गुणाबाई, आणि तीस वर्षं दगड पाहणाऱ्या माणसाने तिथे थांबायला पाहिजे होतं. मी जमीन फुटली म्हटलं, पेटी पाहिली नाही. मिस्त्रीला मात्र त्याने खणाखणाच्या आकड्यांवरून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वीस पेट्या पुन्हा लावायला घेतल्या. पेटीत दोन खण उलटे, म्हणजे चाळीस पाती. मैनाने एकेक पात उलटवायची, बायांनी कांड्या हातात द्यायच्या, साहेबाने मागे पाटावर बसून वाचायचं. त्याचा ताप त्या सकाळी खरंच उतरला होता, पण चेहरा उतरला तो उतरलाच. सोळावी आणि सतरावी त्याने सगळ्यांत आधी लावून घेतली, आणि सोळाव्या पेटीशी तो फार वेळ थांबला. आता आजार चढत होता, कळसाला पोचत होता, आणि पायरीपायरीने उतरत होता. हिरवा, पांढुरका, हिरवे ठिपके, गुलाबी. पट्टा सलग सहा फूट. सतराव्यात पाच. जमीन कुठेही फुटलेली नव्हती.

बायांना वाटलं आता काहीतरी होणार, नारळ फुटणार. साहेब म्हणाला की सहा फूट म्हणजे खूप नाही. पण इथून साठ पावलांवर आणखी एक भोक घ्यावं लागेल, एवढं तरी आता वरच्यांना लिहिता येईल. तांबं आहे असं मी म्हणत नाही. नाही असं म्हणायला माझं तोंड उरलं नाही. आणि तो पुन्हा भिंग लावून वाकला.

दुपारपर्यंत बारा पेट्या झाल्या. मैनाला पाणी प्यायलाही उसंत नव्हती, तेव्हा तेराव्या पेटीला गुणाबाई स्वतः बसली. दुसरा खण. तिने डावीकडून पहिली कांडी ठेवली, दुसरी, तिसरी, आणि उजव्या टोकाला पोचली. तिसरा खण सुलटाच होता; तिचा हात आपोआप तिथूनच चौथ्यात उतरला. चाळीस-बेचाळीस वर्षांचा हात तो. ती थांबली. हात उचलला, रिकामाच, आणि बूड सरकवत पेटीच्या डाव्या टोकाला परत गेली. गुडघा कटकन वाजला. एवढंसं अंतर, पण तिला ते पुऱ्या बांधीएवढं वाटलं. अशा पाती लावल्या असत्या तर एक रोवणा दिवाळीपर्यंत पुरला असता.

मैना पाण्याचा गडवा ठेवून तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. गुणाबाईने मान न वळवताच विचारलं, "बराबर हाय का?"

"बराबर हाय."

"मंग उभी काऊन हायेस? बस इथी. तू लाव, मी धुते." ती उठायला लागली, आणि उठता उठता मैनाच्या खांद्याचा आधार घेतला, जो तिने आजवर कधी घेतला नव्हता. "अन् उद्यापासून बायांले तूच सांगत जा, कोनती कांडी कुठी ठेवाची ते. पन हिरवी कांडी कोनी तणसानं घासली तं मले आवाज दे. ते मी पाहीन."

मैनाने हो म्हटलं. गुणाबाई हंड्यापाशी जाऊन बसली, पाय लांब केले, आणि कुंताच्या हातातली हिरवी कांडी काढून घेऊन तिच्यावर सावकाश पाणी ओतू लागली.